सशाचा मान

रोहिणी वनरक्षक झाली तेव्हा गावानं केलेला पहिला विनोद होता, "वन कुठंय?" धाराशिव जिल्ह्यात जंगल म्हणावं असं जंगल फारसं नाही, हे मान्य. येडशीच्या डोंगरात थोडं आहे, बाकी आमच्या उमरग्याकडं नजर जाईल तिथं तूर, सोयाबीन, ऊस आणि मधूनमधून मुरमाड माळ. पण तो विनोद मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय, की आता कुणी "वन" म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. गावातलं पोरगं पोलिसात लागलं तर गावात चोर कुठं आहेत असं कुणी विचारत नाही, गुपचूप पेढे खातात. रोहिणीचे पेढे लोकांनी हसत हसत हातात घेतले आणि निम्म्या घरांत ते गुरांच्या दावणीत गेले. आमच्या घरातसुद्धा. का, ते आमच्या गावात कुणाला विचारावं लागत नाही.

मी निकिता. रामकिसनरावांची थोरली. आमचं घर गावाच्या मधोमध, देवळाला लागून. रोहिणीचं घर गावाच्या पूर्वेला, बुद्धविहाराशेजारी. तिचे वडील आबाराव उमरग्यात एका शाळेत शिपाई होते, आई बनाबाई आमच्या शेतात खुरपायला यायच्या, आणि भाऊ प्रसेनजित पुण्याला कंपनीत लागलेला. पहिलीपासून बी.ए.पर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. शाळेत एक बाक चालत होता. घरी मात्र आमच्या ओट्याबाहेरच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला पालथा ठेवलेला असायचा, तो तिचा. त्यावरून मी आईशी किती भांडले असेन! आई म्हणायची, "म्या काय तिला पाणी न्हाय म्हनते व्हय?" पाणी मिळत होतं. पेला वेगळा होता, एवढंच. या "एवढंच"चा मला आजही संताप येतो.

रोहिणीला झाडाझुडपांची, पाखरांची लहानपणापासून ओढ होती वगैरे काही नव्हतं. पेपरात तिच्याबद्दल कधी छापून आलं तर असंच काहीतरी लिहितील, म्हणून आधीच सांगते. तिला सरकारी नोकरी पाहिजे होती. पोलीस भरतीत ती उंचीत थोडक्यात बसली नाही, वनरक्षकाच्या भरतीत बसली. मग आम्ही दोघींनी अर्ज भरले. पहाटे हायवेच्या कडेनं पळायचो. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले भोंगे वाजवायचे, काही जण खिडकीतून घाणेरडं ओरडायचे. रोहिणी पळता पळता वाकून दगड उचलायची आणि नुसता हातात धरून पळायची. एकदाच तिनं तो मारला. ट्रकची मागची लाईट फुटली आणि आम्ही उसात घुसून हसत बसलो.

लेखी झाली, धावणं झालं, दोघी पास. उरलं होतं ते चालणं. वनरक्षक व्हायचं तर बायकांना चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवावं लागतं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईनं हे ऐकलं तर ती विचारेल, एवढंच? माझ्या चालण्याच्या दिवशी मला बघायला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून पाहुणे आले. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी सांगितलं होतं, तारीख सांगितली होती, पाया पडले होते. दादा म्हणाले, "पाहुण्यास्नी दुसरा दिवस न्हाय." पाहुण्यांना दुसरा दिवस नव्हता आणि सरकारलाही नव्हता. रोहिणी एकटी संभाजीनगरला गेली आणि चालली. मी त्याच वेळी पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत चालले. कृष्णराजनं मला पसंत केलं. माणूस वाईट नाही, वाशीत खत-बियाणांचं दुकान आहे, आरोही म्हणून गोड पोरगी आहे आम्हाला. पण तो दिवस मी माफ केलेला नाही, आणि करणारही नाही.

पहिली काही वर्षं रोहिणी दुसऱ्या तालुक्यात होती. मग तिला आमच्याच गावाचं बीट, म्हणजे राखायची हद्द, मिळाली. स्वतःच्या गावात सहसा कुणाला नेमत नाहीत, पण इथं यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. माळ, पाझर तलाव, खात्यानं लावलेली कडुनिंबाची आणि सीताफळाची झाडं, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेली दहा गावं. सोबत शरणबसप्पा नावाचा एक वनमजूर, निवृत्तीला आलेला, कानानं थोडा कमी. आणि एक मोटरसायकल, जी सुरू करण्यापेक्षा ढकलणं सोपं.

नोकरीसाठी नोकरी धरलेली ही बाई, माळाच्या प्रेमात पडली ती तिथं. मला फोन करायची. दिवसभर काय केलं ते सांगायची. लांडग्याची जोडी पाझर तलावावर दिसली. मोराच्या पिसांसाठी कुणीतरी दाण्यांत औषध घातलं होतं, ते सगळे दाणे वेचून काढले. उन्हाळ्यात गवताला लागलेली आग दोघांनी झोडपून विझवली, भुवया जळाल्या. "लोक म्हनतात पडीक हाय," ती म्हणायची, "पडीक म्हनजे काय गं? त्यांना पेरता येत न्हाय म्हनून पडीक?" तिच्या आवाजात राग असायचा, पण सुखाचा राग. तो मला तेव्हा कळायचा नाही. वाशीच्या दुकानामागच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या मोजत मी तो ऐकायचे आणि माझा जळफळाट व्हायचा.

मग कडुनिंबाचं प्रकरण झालं. शेजारच्या गावातल्या एका वजनदार माणसानं लग्नाच्या जेवणावळीच्या चुलीसाठी खात्याच्या जागेतली निंबाची जुनी झाडं कापली. रोहिणीनं ट्रॅक्टर लाकडासकट पकडला. झाडं पडताना पाच-सहा जणांनी पाहिली होती, दोघांनी जबाबही दिले. आठवड्याभरात दोघांनीही हात वर केले. आम्ही काही पाहिलं नाही, मॅडमनी दमदाटी करून सह्या घेतल्या, असं वर लिहून दिलं. केस राहिली बाजूला आणि चौकशी रोहिणीवर बसली. तिच्या साहेबांनी, म्हणजे आमच्या भागाच्या वनपालांनी, तिला तोंडावर सांगितलं, "आणखी एक केस अशी पडली, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." ते वाचवत होते, हे रोहिणीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

म्हणजे तिची नोकरी कशावर लटकली होती ते नीट समजून घ्या. पुढच्या वेळी गुन्हा धरला, तर गावातल्या निदान एका माणसानं शेवटपर्यंत खरं बोलायला हवं होतं. एकच माणूस. आणि धरला नाही, तर पगार घेऊन डोळ्यांवर कातडं ओढायचं. ते तिला जमणार नव्हतं.

अशातच पाडव्यानंतरची आमची जत्रा आली.

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सशाची शिकार असते. पुरुषमाणसं काठ्या, कुत्री आणि वाघूर घेऊन माळावर जातात. वाघूर म्हणजे सुताचं लांबलचक जाळं. एका बाजूला जाळं ताणून धरायचं आणि दुसऱ्या बाजूनं आरडाओरडा करत ससा त्यात हाकलायचा. ससा जिवंत आणायचा, देवापुढं धरायचा, गावातून मिरवायचा आणि मानकऱ्याच्या अंगणात मारायचा. मांस घराघरात बोटभर वाटतात. कातडं मानकऱ्याच्या दाराच्या चौकटीवर वर्षभर ठोकलेलं राहतं. ससा मिळाला तर मृगाचा पाऊस चांगला, असं म्हणतात. मिळाला नाही असं कधी होत नाही, कारण मिळेपर्यंत कुणी माळावरून उतरत नाही. या सगळ्याला कायद्यात शिकार म्हणतात आणि त्याला तुरुंग आहे, हे गावाला ठाऊक आहे. आणि मानकरी कोण? आमचं घर. जाळं आमच्या माळवदावर असतं. चौकटीवर ते कातडं बघत मी लहानाची मोठी झाले.

मी जत्रेसाठी आरोहीला घेऊन माहेरी आले होते. जत्रेच्या चार दिवस आधी सकाळी रोहिणी आमच्या घरी आली. खाकी वर्दी, खांद्यावरच्या पट्ट्या, पायात बूट. दादा ओट्यावर बसले होते. तिला पाहून उठले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिच्यासाठी उठताना पाहिलं.

"या, या मॅडम. बसा." खुर्ची पुढं झाली. आत हाक गेली, "धुरपदा, च्या आन. चांगल्या कपात आन."

आईनं कपाटातली सोनेरी काठाची कपबशी काढली. ती कपबशी जावयासाठी निघते. कोनाड्यातला पेला कुठं गेला होता देव जाणे, त्या दिवशी तो तिथं नव्हता. मी दारात उभी होते आणि मला दादांची इतकी लाज वाटली, की जमिनीत गडप व्हावं. वीस-बावीस वर्षांत ज्या पोरीला आमच्या घरातला कप मिळाला नाही, तिला तो मिळाला कधी, तर तिनं आपल्याकडं कानाडोळा करावा म्हणून. आदर असता तर मी नाचले असते. ती लाच होती, चहात साखर घालून दिलेली.

रोहिणीनं चहा घेतला. सावकाश, पूर्ण. मग कप खाली ठेवून म्हणाली, "काका, च्या झकास झालाय. पण औंदा शिकार व्हनार न्हाय."

"अगं, देवाचं हाय ते."

"देवाला नारळ फोडा. पेढं वाहा. ससा धरला तर म्या गुन्हा दाखल करनार. जाळं तुमचं, म्हनून पहिलं नाव तुमचं यील. आधी येऊन सांगायचं म्हनून आले."

माझा भाऊ युवराज आतून बाहेर आला. "मग सशाऐवजी बिबट्या आना तुमच्या जंगलात, तो धरतो आमी," असं काहीतरी बरळून मोठ्यानं हसला. रोहिणीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मला मान हलवून निघून गेली. ती ओट्यावरून उतरेपर्यंत दादा हसत होते. ती वळल्यावर आईला म्हणाले, "कप घासून ठेव. दोनदा."

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढं बैठक बसली. आमच्या ओट्यावरून सगळं ऐकू येतं. गावानं आबारावांना बोलावून घेतलं होतं, पोरीला समजवा म्हणून. ते देवळाच्या पायऱ्यांखाली उभे राहिले. वर या असं त्यांना कुणी म्हटलं नाही आणि ते गेलेही नाहीत.

एक जण म्हणाला, "आबाराव, ह्यो मान तुमचाबी हाय की. तुमचा बाप शिकारीम्होरं हलगी वाजवायचा."

हे बोलणाऱ्याला वाटलं, आपण फार गोड बोललो. आबाराव शांत माणूस. शाळेत घंटा वाजवण्यापलीकडं त्यांचा आवाज कुणी ऐकला नसेल. ते म्हणाले, "वाजवायचा. अनवानी पळायचा, काट्याकुट्यातनं. ससा तुमचा आन आतडी आमची, असा मान व्हता. दीक्षा घेतली आन त्यानं हलगी खाली ठिवली. तवा ह्याच पायऱ्यांवर बसून गावानं ठरवलं, ह्याला वर्षभर काम द्यायचं न्हाय. आमची आजी तरवडाचा पाला उकडून घालायची पोरांना. आता माझ्या पोरीला सरकार पगार देतंय. तिचं काय बंद करताव ते ठरवा, म्या जातो." आणि ते खरंच गेले. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, कारण ओट्यावर माझ्या शेजारी माझ्या चुलत्या बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर "बघा, माजलेत" एवढंच लिहिलेलं होतं.

जत्रेच्या दिवशी वनपालसाहेब पाहुणे म्हणून आले. गावानं बोलावलं, साहेब आले. फेटा बांधून घेतला, हार घेतला, युवराजच्या मित्रांसोबत फोटो काढले. रोहिणी बाजूला बंदोबस्तावर उभी होती. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर हाक मारली आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्या गोष्टी कायद्यानं होत नसतात. थोडं समजुतीनं घ्या. एका सशानं काय होतंय? उद्या तुम्ही रोपवाटिकेवर जा, तिथं माणूस कमी आहे."

गाव टाळ्या वाजवल्यासारखं हसलं. माझ्या तोंडात त्यांचा प्रसादाचा शिरा होता, तो मी थुंकून दिला. ज्यानं कायदा राखायचा त्यालाच फेटा बांधला, की काम झालं! आणि त्या माणसाला हा अपमान वाटत नव्हता, सत्कार वाटत होता.

रोहिणी दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेवर गेली नाही. दिवस उगवायच्या आत शरणबसप्पाला घेऊन ती माळावर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, गाव नेहमीच्या वाटेनं येईल. गावानं तेवढी हुशारी केली. नेहमीच्या वाटेवर दहा-बारा पोरं कुत्री घेऊन मोठमोठ्यानं ओरडत फिरत राहिली, आणि दादा, युवराज आणि बाकीचे पलीकडच्या नाल्यानं माळाच्या मागं गेले. फोन कुणी खिशातून काढायचा नाही असं ठरलेलं. एरवी शेण उचलतानाचासुद्धा व्हिडिओ टाकणारी ही पोरं, त्या दिवशी एकानंही फोन काढला नाही. गुन्हा आहे हे माहीत नव्हतं, असं पुन्हा मला कुणी सांगू नये.

उन्हं तापली तेव्हा ससा आमच्या अंगणात आला. मिरवणूक झालीच नाही. देवाला घाईघाईनं दाखवला आणि घरात आणला. अंगणात पंधरा-वीस माणसं. आरोहीला मी आजीच्या खोलीत झोपवलं होतं, म्हणून बरं. दादांनी सशाचे मागचे पाय एका हातात धरले. ससा ओरडतो हे तुम्हाला माहीत आहे का? लहान लेकरासारखा ओरडतो. युवराजनं काठी घातली. एका फटक्यात झालं नाही.

आईकडं तो साफ करायला आला. तिनं पोट फाडलं आणि सुरी तिथंच ठेवली. मादी होती. आत पिल्लं होती, अंगावर बारीक लव आलेली. मग आईनं पळसाचं पान वर टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून, आणि मला म्हणाली, "कुनाला बोलू नगंस." माझ्या आईची सगळी जिंदगी अशी पळसाची पानं टाकण्यात गेली आहे. मला तिच्यावर चिडताही येईना.

रोहिणी आली तेव्हा युवराज कातडं मीठ लावून चौकटीवर ताणत होता. ती धावत आली असावी, केस सुटले होते, पँटला गोखरू चिकटलेले. शरणबसप्पा मागं धापा टाकत. तिनं अंगण पाहिलं. रक्त होतं, जाळं होतं, काठी होती. आईपुढचं पान तिनं उचललं आणि परत ठेवलं.

"कुनी मारला?"

"कुत्र्यानं," दादा म्हणाले. "कुत्र्यानं धरून आनला. आमी काय करनार?"

"आन जाळं?"

"वाळत घातलंय."

लोक हसले. रोहिणीनं सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. "इथं एवढी मान्सं हायती. कुनी बघितलं? एकानं सांगा."

कोणी जमीन बघत होतं, कोणी आभाळ. दाराशी वीरप्पा उभे होते, आमचे किराणा दुकानवाले. गळ्यात लिंग, जन्मात मांसाला हात लावलेला नाही. दर वर्षी या दिवशी ते म्हणतात, हे पाप आहे, मला डोळ्यांनी बघवत नाही. रोहिणी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "वीरप्पाकाका, तुम्ही?"

"म्या आत्ताच आलो, बाई," ते म्हणाले. "म्या काय बघितलं न्हाय." ते सगळ्यात आधी आले होते. युवराजला काठी घालायला त्यांनीच बाजूला होऊन वाट दिली होती.

मग युवराज पुढं आला. रक्तामिठानं भरलेल्या हातानंच बोट नाचवत म्हणाला, "लिहा की गुन्हा. आमीबी सांगतो, ससा तुमीच मारून आमच्या दारात टाकला. जातीचा राग काढायला. अख्खं गाव सांगंल. साहेब तर आमचाच हाय." आणि एवढ्यावर न थांबता, "आधीच एक चौकशी चालू हाय ना तुमची?"

सगळ्या अंगणाला हे माहीत होतं. साहेबांनी फेटा बांधून घेता घेता सांगितलं असणार.

रोहिणीनं वर्दीच्या खिशातून पेन काढलं. हायवेवर दगड धरायची, तसं तिनं ते मुठीत घट्ट धरलं. तिनं जाळं, काठी, कातडं ताब्यात घ्यायला शरणबसप्पाला सांगितलं आणि ओट्याच्या कडेवर पॅड ठेवून ती लिहू लागली. कुणाचाच जबाब नसताना ती गुन्हा नोंदवत होती. तो पडणार हे तिला माहीत होतं, आम्हालाही. महिन्याभरात तिची वर्दी उतरणार आणि पुढच्या जत्रेला हेच अंगण, हेच जाळं. मधे मी वाशीहून येणार, पुरणपोळी खाणार आणि आरोहीला सांगणार, ते कातडं आहे ना, ते कुत्र्यानं आणलंय.

"म्या बघितलंय," मी म्हणाले.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आत आरोही जागी झाली आणि रडायला लागली.

दादा वळले. "निकिता, आत जा."

रोहिणीनं मान वर केली. "निकिता, तू आत जा."

या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं. मला हसू आलं आणि मग जास्तच राग आला.

रोहिणी ओट्यावरून उठून माझ्याजवळ आली, हळू बोलली. "येडी हायस का? आरोहीचं आजोळ तुटंल. कृष्णराजला काय सांगशील? मला दया नगं तुझी."

"दया कोण करतंय?" मी ओरडलेच. "पाय दादांनी धरले, काठी युवराजनं घातली, दोनदा घातली. आईनं पोट फाडलं, आत पिल्लं होती. वीरप्पाकाका त्या खांबाजवळ उभे होते. हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुला साक्षीदार पाहिजे का नको?"

कृष्णराजला मी फोन केला नाही. विचारलं असतं, तर तो नको म्हणाला असता. शांतपणे, समजावून, माझ्या भल्यासाठी नको म्हणाला असता. असल्या भल्याचा मला वीट आला होता.

दादा माझ्याकडं असं पाहत होते, जणू परकी बाई चुकून अंगणात शिरली आहे. युवराज अंगावर धावून आला, तर मध्ये शरणबसप्पा उभा राहिला, जाळं दोन्ही हातांत घेऊन. आईनं आत जाऊन आरोहीला उचललं आणि दार लावून घेतलं. ते माझ्यासाठी लावलं की पोरीनं हे बघू नये म्हणून, मला माहीत नाही. आईनं अजून सांगितलेलं नाही, कारण त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

रोहिणी ओट्यावर जाऊन बसली, नवा कागद घेतला, आणि तिचा आवाज बदलला. माझ्याशी ती कधी अशी बोलली नव्हती.

"पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं.

"वय? राहणार?"

सांगितलं.

"जे सांगता ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय? कुणाच्या दबावाखाली नाही?"

"पाहिलंय. दबाव नाही."

"कोर्टात बोलावलं तर येणार?"

"येणार."

ती लिहीत राहिली. अंगणात कुणी हलत नव्हतं. वीरप्पा मात्र केव्हा निघून गेले ते कळलं नाही. मग तिनं पेन थांबवलं, आणि वर न बघता विचारलं, "आरोपी क्रमांक एक, रामकिसन. त्यांच्याशी तुमचं नातं?"

"लेक."

"आरोपी क्रमांक दोन, युवराज?"

"बहीण," मी म्हणाले. "थोरली."

तिनं तेही लिहिलं आणि पॅड माझ्यापुढं केलं. मी सही केली, आणि सही कुणाला कळणार नाही म्हणून खाली पूर्ण नाव मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं.